संकल्पासह सोडचिठ्ठी

बिंदुमाधवशास्त्र्यांनी आयुष्यात शेकडो लग्नं लावली असतील. दशाश्वमेध घाटावर येणाऱ्या मराठी यजमानांना ते कन्यादानाचं पुण्य तासभर समजावतात. आणि स्वतःच्या मुलाचं लग्न मात्र त्यांनी रजिस्टर केलं नाही. "अग्नी साक्षीला असताना कारकून कशाला?" म्हणाले होते. लॉकडाऊनमधलं लग्न, पंधरा माणसं. लावणारा त्यांचाच चुलतभाऊ, जेवणारे त्यांचेच. सून मालविका, तिच्या बाजूनं एकटी आई. तीही दोन वर्षांपूर्वी गेली.

आता मुलाला ती नकोशी झाली, तेव्हा त्याच सुनेला ते म्हणाले, "लग्न झालं होतं हे आधी सिद्ध कर. मग कोर्टाच्या गोष्टी बोल."

हे सांगायला ती माझ्याकडे आली तेव्हा तिची चार वर्षांची बकुळ माझ्या खाटेवर झोपली होती. मी वकील नाही. माझा स्वतःचा घटस्फोट साडेसहा वर्षं चालला, त्यात जे शिकले ते शिकले. मंगला गौरीच्या देवळाच्या आसपासच्या बायका गुपचूप विचारायला येतात. त्यांचे नवरे मला घरफोडी म्हणतात. म्हणोत. फोडायला घर आधी धड असावं लागतं.

"लग्नाचे फोटो?" मी विचारलं.

"यांच्या फोनमध्ये होते. यांनी फोन बदलला."

"पत्रिका?"

"छापलीच नव्हती."

"आधारवर नवऱ्याचं नाव?"

"बाबा म्हणाले, काय घाई आहे."

"बकुळच्या जन्माचा दाखला तरी?"

"अलमारीत. किल्ली सासूबाईंच्या कमरेला."

"शाबास. शिकलीयस किती?"

"एम. ए., मावशी."

"मग तर कठीणच."

ती हसली नाही. मी तिला सांगितलं, दाखला महापालिकेतून पुन्हा काढता येतो, त्यासाठी कुणाच्या कमरेकडे बघायची गरज नाही. आणि सही कशावरही करायची नाही. कुरिअरवाल्याच्या पावतीवरसुद्धा आधी वाचून.

"रविवारी घरी बोलावलंय," ती म्हणाली. "सोडचिठ्ठी तयार केलीय, स्टँप पेपरवर. सही केली की दोघं मोकळे म्हणतात."

"मोकळा तो. तू नाहीस. स्टँप पेपर आणून आपल्यात घटस्फोट होत नसतो. कोर्ट देतं तो घटस्फोट. दोघांची मर्जी असली तरी अर्ज कोर्टातच. तोवर तू त्याची बायको. फक्त तसं दाखवणारा कागद तुझ्याकडे नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून एवढी मिजास. मी येते बरोबर."

रविवारी बैठकीत सगळे मांडून बसले होते. नवरा विश्वजीत बँकेत आहे. कुणी कर्ज मागितलं की त्याच्याकडून पंधरा कागद घेतो. घरातल्या बायकोचा एकही ठेवला नाही. साक्षीदार म्हणून दोन भटजी, चहा पिऊन सैलावलेले.

"या लतिकाबाई," शास्त्री म्हणाले. "तुम्ही कशाला तसदी घेतलीत?"

"तमाशा बघायला, शास्त्रीबुवा."

"मालविका, चलो, साइन करो," विश्वजीत म्हणाला. "हमारा सबका हो गया है."

खरंच झालं होतं. बापाची सही, मुलाची, भटजींची. कागद शास्त्र्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला. टायपिस्टला संस्कृत येत नाही म्हणे. चार पानं! मालविकेनं पर्स उघडली, पेन काढलं. मी तिचा हात धरायला पुढे झाले. पण तिनं पेन मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, वाचते हं आधी. तुमचं अक्षर किती सुंदर आहे."

शास्त्री खूश. हा माणूस संकल्पाशिवाय आंघोळसुद्धा करत नाही. संकल्प म्हटला की कोण, कुठे, केव्हा आणि कशासाठी, सगळं उच्चारावं लागतं. सोडचिठ्ठीलाही त्यांनी सोडलं नव्हतं.

मालविका मोठ्यानं वाचू लागली. आनंदवनात, म्हणजे इथेच, भागीरथीच्या पश्चिम तीरी. अमुक गोत्रोत्पन्न विश्वजीत याचा, शार्वरी संवत्सरी, ज्येष्ठ शुद्ध दशमीस, अग्निसाक्षीने, सप्तपदीपूर्वक मालविकेशी विवाह झाला. त्यांस बकुळ नामक कन्या झाली. वधूमातेने घातलेल्या पाटल्या, गोठ व चपलाहार आमचे घरी सुरक्षित असून वधूने त्यावरील हक्क सोडला आहे. आणि शेवटी हेतू: विश्वजीत याचा द्वितीय विवाह येत्या मार्गशीर्षात निर्विघ्न पार पडावा, यासाठी.

वाचून झाल्यावर एक भटजी सवयीनं "तथास्तु" म्हणाला.

मी हसू दाबलं नाही. कशाला दाबू? जे लग्न सिद्ध कर म्हणून पोरीला दारात उभं केलं होतं, ते या विद्वानानं गोत्र-तिथीसकट लिहून, सही करून, साक्षीदार लावून तिच्या हातात दिलं होतं. दागिने कुठे आहेत तेही. दुसरं लग्न कधी तेही.

मालविकेनं कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"अगं, सही?" शास्त्री म्हणाले.

"हा कागद वकिलाला दाखवते बाबा. लग्नाचा पुरावा मागत होतात ना? एवढा चांगला मलाही मिळाला नसता."

विश्वजीतला आधी कळलं. बँकेतला ना. तो झेपावला, पर्स हिसकावली, कागद बाहेर काढून दोन्ही हातांत आडवा धरला.

"फाडू नकोस!" शास्त्री किंचाळले. "मूर्खा, संकल्प आहे त्यात! देवतांची नावं आहेत!"

"बाबा, ये हमको फँसा देगी!"

"देवाचं नाव फाडशील माझ्या घरात? ठेव खाली!"

आणि चाळिशीचा तो घोडा, बापाच्या आवाजासरशी, कागद पाटावर ठेवता झाला. चुरगळलेला, पण अख्खा. मालविकेनं तो शांतपणे उचलला. शास्त्री तिच्याकडे बघत होते. आपण काय वाचवलं ते त्यांच्या डोक्यात आता कुठे शिरत होतं. तोंड उघडं, शेंडी ताठ.

"मुली," ते म्हणाले, "घरातली गोष्ट घरात…"

"सही करीन मी, बाबा. कोर्टात. तुम्ही साक्षीला या."

गल्लीत आल्यावर ती थांबली. एका पायरीवर बसली, पर्स पोटाशी धरून. मला वाटलं, रडणार. तिनं वर बघितलं.

"मावशी, महापालिकेचं ऑफिस उद्या किती वाजता उघडतं?"