डावीकडच्या वळणावरचा आवाज

बेव्हर्ली पार्कमधल्या संपदाच्या गाडीत भूत आहे, हे तिच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. विचारायला गेलात तर तसं कोणी बोलायचं नाही, शिकलेली माणसं ना आपण! पण ती गाडी गेटातून आत वळली की खाली खेळणाऱ्या पोरांना त्यांच्या आया हात धरून बाजूला घ्यायच्या. सेक्रेटरी आत्माराम सावे तर एकदा वर येऊन, चहा पिऊन, अगदी आपुलकीने सांगून गेले की वहिनी, गाडी मागच्या भिंतीला लावलीत तर बरं, आणि एखादी शांत करून घ्या. संपदाने गाडी मागे लावायला सुरुवात केली. भांडत कोण बसणार?

झालं होतं असं. संपदाचा नवरा पराग दोन वर्षांपूर्वी ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. धडधाकट माणूस, सकाळी डबा घेऊन निघालेला. मागे राहिल्या तिघी: संपदा, तिच्या सासूबाई उर्मिलाताई आणि लेक संचिता, आता बारा वर्षांची. शिवाय ही गाडी. लग्नानंतर घेतलेली, आता चांगली म्हातारी झालेली, पण परागने लेकरासारखी जपलेली. त्याला बोटं मोडायची वाईट खोड होती. सिग्नल लागला की स्टिअरिंगवरचा हात काढून कटकट बोटं मोडणार, आणि मागून आई ओरडणार. तो गेल्यावर गाडी बरेच महिने नुसती उभी होती. शेवटी धीर करून संपदाने ती बाहेर काढली, आणि पहिल्याच डाव्या वळणावर पुढच्या चाकापाशी आवाज आला. कट, कट, कट.

शेजारी बसलेल्या उर्मिलाताईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "पराग आहे," त्या म्हणाल्या.

संपदा बँकेत ऑफिसर. दिवसभर लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारी बाई. तिने सासूबाईंना तिथेच समजवायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिच्याही अंगावर काटा आला होता, आणि त्या काट्यात भीती कमी आणि आनंदच जास्त होता. आता बोला!

मग तो घरचा रिवाजच होऊन गेला. रविवारी जेवणं उरकली की उर्मिलाताई इस्त्रीची साडी नेसून तयार. जायचं कुठे, तर कुठेच नाही. ज्या रस्त्याला डावी वळणं जास्त, तो रस्ता. वळण आलं की त्या डोळे मिटायच्या आणि आवाज झाला की ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलायच्या. संपदा वळण मुद्दाम सावकाश घ्यायची. मागच्या सीटवर संचिता गप्प बसलेली असायची. गॅरेजवाल्याने दोनदा सांगितलं होतं, मॅडम, एक्सल खराब हो गया है, बदल डालो. एक्सल म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा लोखंडी दांडा. त्याच्या टोकाच्या सांध्यावरचं रबर फाटलं, आतलं ग्रीस गेलं, माती शिरली की तो सांधा असाच वाजतो. संपदा म्हणाली, देखेंगे. म्हणजे सोसायटीतले भिणारे आणि घरातले जीव लावणारे, दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं की आवाज परागचा आहे. गॅरेजवाल्याचं ऐकायची गरज दोघांनाही वाटली नाही.

त्या रविवारी मात्र जायला ठिकाण होतं. बँकेतली संपदाची मैत्रीण पॅट्रिशिया हिने तिघींना तारोडीला जेवायला बोलावलं होतं. गावाच्या अलीकडे रस्ता चढतो आणि चढावरच डावीकडे वळतो. तिथे आवाज आला, पण नेहमीसारखा नाही. मोठ्याने, घाईघाईने. मग खालून दाणकन काहीतरी तुटलं. संपदाने ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं किंचाळलं आणि गाडी मागे घसरायला लागली. तिने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. मागून येणारा रिक्षावाला हातभर अंतरावर थांबला आणि त्याने जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. संचिता मागच्या काचेतून त्या रिक्षाकडे बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

उर्मिलाताई शांत होत्या. "त्याला पुढे जायचं नाहीये," त्या म्हणाल्या. ते ऐकून संपदाला पहिल्यांदा सासूबाईंची भीती वाटली.

फोन केल्यावर पॅट्रिशिया आली, सोबत तिचा भाऊ एल्टन. त्याचं गावातच गॅरेज होतं. गाडी ओढून नेली, खाली वाकून बघितलं, एक्सल सांध्यापाशी मोडला होता. दुसऱ्या बाजूचाही फार दिवसांचा सोबती नव्हता, त्याचंही रबर चिरलं होतं. एल्टनने समजावून सांगितलं. एवढ्या जुन्या गाडीचा कंपनीचा एक्सल आता सहज मिळत नाही. तेव्हा तीन वाटा: भंगारात गेलेल्या अशाच गाडीचा जुना काढून बसवायचा, तो आजच मिळेल. नाहीतर मोडलेलाच नवीन सांधा घालून दुरुस्त करून घ्यायचा. किंवा दुसऱ्या कंपनीचा नवाकोरा मागवायचा, त्याला आठवडा लागेल.

उर्मिलाताई ओट्यावर बसून सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या. "जुना बसवला," त्यांनी विचारलं, "तर तो वाजेल का?"

एल्टनला प्रश्नच कळला नाही. "आज न्हाय वाजनार आजी. पन झिजलेला माल हाय. थोड्या दिवसांनी वाजंल."

"मग जुनाच बसवा."

एल्टनने संपदाकडे बघितलं. ती खाली बघत होती. नको म्हणायला तोंड उघडत नव्हतं, कारण तिलाही तो आवाज हवा होता. रिक्षा हातभर अंतरावर थांबलेली डोळ्यांनी बघूनसुद्धा! माणसाचं मन असं असतं, वाचकहो, आणि ते तुमचंही आहे आणि माझंही.

पॅट्रिशियाला तोपर्यंत सगळा प्रकार लक्षात आला होता. ती उर्मिलाताईंच्या शेजारी येऊन बसली. बँकेत ती अगदी छापील मराठी बोलायची, घरी मात्र गावची बोली.

"मावशी, माझा नवरा ह्युबर्ट गेला तवा मी वरीसभर त्याचं ताट वाढायची," ती म्हणाली. "कोनाचं काय बिघडलं न्हाय त्यानं. तुमी परागचं ताट वाढा, त्याची शर्टं ठेवा, फोटोशी बोला. कोन हसंल त्याला मी बघून घेईन. पन त्या लोखंडावर पोरगी बसते. तुमच्या दुःखाचं वजन तिच्या चाकावर टाकू नका."

"तू नाही ऐकलेलास तो आवाज," उर्मिलाताई म्हणाल्या. "अगदी त्याचाच आहे. संचिताला विचार. तिच्या बाबाचा आवाज तिला नाही का कळणार?"

आजवर कुणी संचिताला विचारलंच नव्हतं. ती गॅरेजच्या दारात उभी होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले तशी ती रडवेली झाली.

"मला नाही वाटत तसं," ती म्हणाली. "मला वाटतं बाबा चाकाखाली अडकलाय. आणि आपण त्याच्यावरून गाडी नेतोय. दर रविवारी."

हे एवढंसं लेकरू दर रविवारी काय घेऊन मागच्या सीटवर बसत होतं, याची दोन मोठ्या बायकांना गंधवार्ता नव्हती!

"पहिल्यापासून असं वाटतंय तुला?" उर्मिलाताईंनी विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू खूश असायचीस ना आजी."

उर्मिलाताईंनी नातीला ओढून पोटाशी धरलं. पुष्कळ वेळ धरून ठेवलं. मग एल्टनला म्हणाल्या, "नवा मागव बाळा. दोन्ही बाजूंचे नवे घाल." आणि संपदाने मान हलवली. तिचे डोळे वाहत होते, पण मनातून तिला इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी गाडी घेऊन तिघी परत निघाल्या. पहिलं डावं वळण आलं. उर्मिलाताई सवयीने डोळे मिटून बसल्या होत्या. गाडी वळली, सरळ झाली, पुढे गेली. काही वाजलं नाही. त्यांनी डोळे उघडले, आणि मग दोन्ही हात तोंडावर घेऊन मोठ्याने रडायला लागल्या. "गेला गं माझा पराग," म्हणाल्या. तो गेला त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या. तेराव्यालाही नाही. संपदाने गाडी कडेला लावली आणि त्यांना पोटभर रडू दिलं. संचिता मागून आजीच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बसली होती, आणि तिला भीती वाटत नव्हती.

मंडळी, गेलेल्या माणसासाठी रडायचं असतं. ते रडणं टाळलं की आपण वस्तूंमध्ये त्याला शोधायला लागतो, आणि शेजारीपाजारी त्याचंच भूत करतात. कुणाच्या घरी असं काही ऐकलंत तर गाडी मागच्या भिंतीला लावा म्हणून सांगायला जाऊ नका. जाऊन त्यांच्याजवळ बसा, त्यांना रडू द्या. आणि त्या घरातलं लहान मूल गप्प असेल तर आधी त्याला विचारा.