राखलेला माळ

रखमाजीला माळाबद्दल कुणी विचारायचा अवकाश, गडी फुगलाच म्हणून समजा! आणि त्याच फुगण्यानं यशोदाबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या जिवाला घोर लावला होता.

झालं होतं असं. सेनगावकडच्या त्यांच्या धनगरवस्तीमागचं गायरान पावसाळाभर राखायची रीत. पेरण्या झाल्या की माळ बंद. दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं पुजायची, भंडारा उधळायचा आणि मगच कळप आत सोडायचे. गेल्या वर्षी ऐन श्रावणात सौरवीज कंपनीचा माणूस पाहणीला आला. "इथं कुणी जनावरं चारतं का?" त्यानं विचारलं. रखमाजीनं छाती काढून सांगितलं, "साहेब, एक मेंढरू पाय ठेवत न्हाई! ठेवलं तर मिशी उतरवीन!" यशोदाबाईनंही मान डोलवली, वर चहा पाजला. माळ कुणाच्याच वापरात नाही, असं साहेबानं कळवून टाकलं. यंदा कुंपणाचे खांब येऊन पडले.

"आता मेंढरं काय तुमच्या मिशीत चारू?" यशोदाबाई कडाडली.

रखमाजीनं मान खाली घातली. एवढा बडबड्या नवरा असा बसलेला पाहून तिचा राग ओसरला. माळ गेला तर कळप विकायचा, दुसरं काय!

दोघांनी तहसील कचेरीत हेलपाटे घातले. "तुमीच तर सांगितलं," हेच उत्तर. तिची सून राजनंदिनी मेंढपाळांच्या संघटनेत काम करायची. तिनं शोधून काढलं, की कंपनीला पैसा परदेशातली एक बँक देते, आणि बँकेच्या गावातलीच काही माणसं असल्या कामांचा तिला जाब विचारतात. संघटनेची तर देशोदेशीच्या मेंढपाळांशी ओळख. सगळ्यांनी मिळून असा रेटा लावला की बँकेला ऑनलाइन बैठक ठेवावीच लागली.

"आत्याबाई, तुमीच बोला," सून म्हणाली.

समाजमंदिरात पडदा लागला. यशोदाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसली. बँकेचा साहेब बोलायचा, दुभाषी हिंदीत सांगायचा, सून मराठीत.

"तेव्हा एक सांगितलं, आता दुसरं. खरं कोणतं?"

"दोनी खरं," यशोदाबाई म्हणाली. "माळ राखलेला हाय, टाकलेला न्हाई."

"ही रीत आजच रचलेली नाही कशावरून?"

आता काय दाखवायचं याला? तेवढ्यात पडद्याच्या दुसऱ्या चौकटीतून एक बाई तावातावानं बोलू लागली. मंगोलियातली मेंढपाळ, ओयुना तिचं नाव. तिनं फोन दाराबाहेर फिरवला. डोंगरउतारावर गवतच गवत, जनावर एक नाही. "हे आमचं थंडीतलं कुरण. उन्हाळाभर इथं आम्ही कळप येऊ देत नाही. आज मला विचाराल, तर मीही सांगेन, इथं कुणी येत नाही!" तिसऱ्या चौकटीतला केनियाचा एक म्हातारा मेंढपाळ खदखदून हसला. त्यांच्याकडंही दुष्काळासाठी रान असंच राखून ठेवायचे.

"अगं माय! ही तर आपलीच माणसं!" यशोदाबाईचा ऊर भरून आला.

पाडव्याला बँकेनं माणूस पाठवला. आजूबाजूच्या गावांचे कळप ढोलाच्या तालावर, भंडाऱ्यानं पिवळे होऊन माळात शिरले. तो बिचारा मेंढरांत अडकला, त्यालाही भंडारा लागला. पुढं बँकेनं पैसा रोखला, खांब आले तसे ट्रकात चढले. वस्तीनं पेढे वाटले, आणि यशोदाबाई दिवसभर ताठ मानेनं मिरवली. का मिरवू नये?

पुढच्या आषाढात राजनंदिनी धावत आली. "ओयुनाच्या कुरणावर खाण येऊन राहिली. रिकामी जागा हाय म्हणतेत. साक्षीला तुमाला बोलावलंय."

"चला," यशोदाबाई नवऱ्याला म्हणाली, "काढा छाती!"

रखमाजीनं पटका बांधला, मिशीवर हात फिरवला आणि पडद्यासमोर बसला.

"साहेब, तिथं एक मेंढरू पाय ठेवत न्हाई."

यशोदाबाईनं कपाळाला हात लावला.

"काहून, तर आमच्या ओयुनाबाईनं तो माळ राखलेला हाय," रखमाजी म्हणाला. "आन तिच्या बाजूनं आमी उभं हाव."