चादरीतली सुई

धाकट्या जावेनं तान्ह्याला अंगावर पाजणं एकाएकी बंद केलं आणि घरात रणकंदन माजलं. सासूबाई तिला निर्दयी म्हणाल्या. दीर म्हणाले, दूध आटलं असेल. आटलं कसलं डोंबल! तिच्या कपड्यांवरचे ओले डाग मी पाहिले होते.

आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला. वॉर्डातल्या चादरी आल्या की रक्ताच्या वेगळ्या काढायच्या. एखादीत विसरलेली सुई असते, ती टोचते. आमच्याकडची रीत अशी, की बोट चोखायचं, दाबून रक्त काढायचं आणि सुई गटारात टाकून मोकळं व्हायचं. सांगितलं तर मुकादम आपल्यालाच बोल लावतो आणि बाकीच्या बायका डबा घेऊन लांब बसतात. त्यामुळे सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

मोरीत तिला गाठलं, तसं तिनं बोट पुढं केलं.

"परवा दुपारी टोचली, ताई. सुईत रक्त होतं. मला एचआयव्ही झाला, तर माझ्या दुधातून बाळालाही होईल ना?"

मला असा राग आला म्हणता! दोन दिवस ही बया एकटीच कुढत बसली होती. एका नर्सनं कधीतरी सांगितलेलं मला आठवलं: त्यावर गोळ्या असतात, पण तीन दिवस उलटले की उपयोग नाही. नेसत्या कपड्यांनिशी तिला ओढत हॉस्पिटलात नेलं. रस्त्यात रिक्षा अडकली की माझा जीव खालीवर व्हायचा.

डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, कधी टोचली. मग घड्याळाकडे पाहिलं आणि पहिली गोळी समोरच गिळायला लावली. अशानं एचआयव्ही क्वचितच होतो म्हणाल्या, पण त्या क्वचितवर विसंबायचं नाही. महिनाभर न चुकता गोळ्या, मग तपासण्या, तोवर नवऱ्याबरोबर निरोध, आणि दूध पिळून टाकायचं. पुन्हा टोचली तर चोखणं-दाबणं बंद. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि तडक इथं यायचं. बाळाला कुशीत घेतल्यानं, पापा घेतल्यानं काही होत नाही, हे त्यांनी सांगितलं तेव्हा धाकटी हुंदके देऊन रडली. दोन दिवस तिनं त्याला जवळही घेतलं नव्हतं.

घरी सगळं सांगितलं, तसा दिरांनी तिचा पेला निराळा काढला. मी तो उचलून सगळ्यांच्या पेल्यांत ठेवला आणि स्वतः त्यातूनच पाणी प्यायले. माझ्या तोंडी लागायची कुणाची छाती झाली नाही.

तीन महिने जीव मुठीत धरून काढले. शेवटच्या तपासणीतही काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता खुशाल पाज. घरात पाऊल टाकताच तिनं बाळाला छातीशी धरलं. दूध आटू नये म्हणून इतके दिवस ती रोज पिळून टाकत होती.

बाळानं तोंड फिरवलं. पुन्हा धरलं, तर भोकाड पसरून बाटलीकडे हात केला.

सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. मलाही भडभडून आलं. धाकटी मात्र हसत होती.

"रुसू दे," ती म्हणाली. "रुसायला आई आहे ना त्याला."