टॉवर बोलतोय तोवर

"बाबा, रविवारी सकाळी येतेय मी. तुमचं तिकीटही काढलंय. सामान बांधून ठेवा."

"कशाला? टॉवर चालू आहे."

"अहो, एक तारखेपासून बंद होणार होता ना? तुम्हीच सांगितलं होतं."

"मग आता मीच सांगतोय, चालू आहे. आज तीन तारीख. रोज ऐकतोय या कानांनी."

पलीकडे मुलीने कपाळावर हात मारला असणार. तिची तरी काय चूक? सहा वर्षांपूर्वी तिची आई गेली, तेव्हापासून ती मला तिच्या घरी बोलावतेय आणि मी एकच पालुपद धरून बसलोय: डोंगरावरचा टॉवर बोलतोय तोवर मी इथून हलणार नाही. तिला वाटायचं, म्हातारा थट्टा करतोय. मी थट्टा करत नव्हतो.

तो टॉवर अग्निशमन दलाच्या वायरलेसचा. शहरातल्या सगळ्या बंबांचं बोलणं त्याच्यावरून जायचं. एकतीस वर्षं मी तिथला मेकॅनिक. पायथ्याशी दोन खोल्या होत्या, एकीत सेट आणि दुसरीत आमचा संसार. त्या सेटला एक खोड होती. बोलणारा बोलून थांबला की आतली पट्टी सुटायची आणि टक् असा आवाज जायचा. दुसऱ्या कुठल्याही टॉवरला ही खोड नव्हती. साहेब दरवर्षी म्हणायचे, तो टक् काढून टाका. मी हो हो म्हणायचो आणि काढायचो नाही, कारण बायकोला तो आवडायचा. मला तर टक् ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही अशी सवयच लागली. घरातही ती बोलून थांबली की मी क्षणभर गप्प. मग ती हातातला डाव ओट्यावर आपटायची. "घ्या, टक्! आता तरी बोला."

आता सांगा, असा आवाज सोडून कोण जाईल?

निवृत्त होऊन शहरातल्या या इमारतीत राहायला आलो तेव्हा खात्यातल्या लोकांनी मला स्कॅनर भेट दिला. स्कॅनरला कान असतात, तोंड नसतं. तो वायरलेसवरचं बोलणं नुसतं ऐकतो. एकट्या माणसाला तेवढं पुरतं. रोज चार वाजता कंट्रोलवाले चाचणीचा पुकारा करतात. पुकारा होतो, टक् येतो, मग मी चहाचा पहिला घोट घेतो. बायकोच्या हातचा नसतो चहा, पण टक् तिचाच असतो.

यंदा पत्रक निघालं, की एक तारखेपासून डोंगर बंद आणि पाण्याच्या टाकीवरचा नवा टॉवर सुरू. त्या दिवशी चार वाजता मी चहाला हात न लावता बसलो होतो. पुकारा झाला आणि मागोमाग, टक्!

स्कॅनर घेऊन गच्चीवर पळालो. आवाज कुठल्या टॉवरवरून येतोय हे शोधायची आमची एक साधी रीत आहे. स्कॅनर छातीशी घट्ट धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू फिरायचं. आपलंच अंग मध्ये आड येतं. ज्या बाजूला पाठ केल्यावर आवाज मरतो, त्या बाजूला टॉवर. कुठल्याशा बंबाचा ड्रायव्हर कंट्रोलशी लांबण लावून बोलत होता, देव त्याचं भलं करो. मी डोंगराकडे पाठ केली. आवाज मेला. वळलो, तर जिवंत झाला. तीनदा करून पाहिलं. मग गच्चीवरच बसून रडलो, खोटं कशाला बोलू?

मुलीचा फोन ठेवून मी खाली गेलो. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंना हे सगळं सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

"जिंकलात म्हणा की, टॉवरवाले," त्या मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या. "पण ती नवी टाकी कुठंय?"

"तीही तिकडेच. डोंगराच्या अलीकडे."

"म्हणजे डोंगराकडे पाठ केलीत तेव्हा टाकीकडेही झालीच की."

मशीन चालवतच त्या पुढे म्हणाल्या,

"एका खुणेवर मी कापड कापत नाही बाई. दोन खुणा लागतात, तेव्हा कुठं रेघ पडते."

दोन जागांवरून दोन रेघा ओढायच्या, त्या छेदतील तिथे टॉवर, हे मी नव्या भरतीच्या किती मेकॅनिकांना शिकवलं असेल! एका रेघेवर विसंबणाऱ्याला मी सगळ्यांदेखत गाढव म्हणायचो. आवाज नेहमीपेक्षा जोरात येतोय हेही कळलं होतं मला. म्हटलं, हवा स्वच्छ असेल. हवा कसली स्वच्छ, मीच डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

माझा चेहरा पाहून बाईंनी मशीन थांबवलं. "राहू द्या हो. दुसरी खूण करूच नका. लेकीला कोण सांगायला जातंय?"

कोणीच गेलं नसतं. रात्रभर मी हाच विचार केला, आणि सकाळी बसमध्ये बसलो.

शहराच्या दुसऱ्या टोकाला बस डेपो आहे. तिथून टाकी डाव्या हाताला दिसते आणि डोंगर उजव्या. फाटकापाशी उभा राहून मी स्कॅनर छातीशी धरला आणि फिरायला लागलो.

"आजोबा, चक्कर येतेय का?" एका कंडक्टरने विचारलं.

"येत नाहीये, मारतोय."

तो हसत निघून गेला. मी डोंगराकडे पाठ केली. आवाज खणखणीत. टाकीकडे पाठ केली. मेला. पुन्हा केलं. पुन्हा मेला.

पण मग टक् कुठून येत होता? तडक टाकीपाशी गेलो, तर खालच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत एक तरुण इंजिनिअर मुलगी वायरी गुंडाळत होती आणि तिच्यामागे फळीवर माझा सेट होता. कडेला मीच लाल रंगाने लिहिलेलं, 'हात लावू नये'.

"नवा सेट अजून आलेला नाही," ती म्हणाली. "म्हणून डोंगरावरचा उतरवून आणला. तुम्ही ते पूर्वीचे मेकॅनिक काका का? बरं झालं आलात. याच्या टक् आवाजाने वैताग आणलाय हो. बोलणारा मध्येच श्वास घ्यायला थांबला तरी टक् होतो, नव्या लोकांना वाटतं लाईन तुटली, अर्धा निरोप ऐकूनच थांबतात. परवा एक बंब भलत्याच गल्लीत गेला. कसा काढायचा तो?"

मी म्हणू शकलो असतो, मला नाही ठाऊक. जिभेवर आलंही होतं. पण भलत्या गल्लीत गेलेला बंब डोळ्यांपुढून हलेना.

"स्क्रू ड्रायव्हर द्या," मी म्हणालो.

झाकण काढलं. पट्टी पुसली आणि तिचा स्क्रू पाव फेरा आवळला. एकतीस वर्षं जे टाळलं, त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. खिशातल्या स्कॅनरवर कोणीतरी कंट्रोलशी बोललं आणि थांबलं. पुढे काहीच आलं नाही.

"वा काका! हात अजून साफ आहे तुमचा."

"आहे खरा," मी म्हणालो आणि झाकण लावून दिलं.

बाहेर टाकीच्या सावलीत उभं राहून मुलीला फोन लावला.

"रविवारी ये. सामान बांधतो."

"खरंच? टॉवर बंद झाला?"

"एक तारखेलाच झाला होता. माझीच चूक झाली."

ती भराभर सांगायला लागली. खिडकीजवळचा पलंग माझा, चहा चारलाच मिळेल, स्कॅनर घेऊन या, तिथे काही ऐकू येवो न येवो. सगळं सांगून ती थांबली.

मी वाट पाहत राहिलो.

"बाबा? ऐकताय ना? बोला की काहीतरी."