फोनवरून मागवलेले लायनर

सोपाननाना घाटाच्या तोंडाशी पोचले असतील-नसतील, तोवर इकडे आपल्या गॅरेजात राजरत्नने ब्रेक लायनरचं दुसरं पाकीट फोडलं.

मंचरचं गाड्यांचं शोरूम दिवाळीत बंद पडलं. तिथला काउंटरवाला जानकू लायनर, म्हणजे चाकाला घासून गाडी थांबवणारी ब्रेकची पट्टी, खरी की खोटी ते नखाने खरवडून बघायचा, मगच गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. आता घाटावरचे गॅरेजवाले पार्ट फोनवरून मागवू लागले. राजरत्ननेही दोन जोड मागवले. पाकीट झकास, वर चमकता शिक्का. त्यातला एक जोड त्याने आत्ताच नानांच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकात बसवला होता. न खरवडता. नानांना बाजाराची घाई होती, त्यांच्या बायको धोंडानानी पिशव्या घेऊन ताटकळत उभ्या होत्या.

दुसऱ्या जोडाला त्याने नख लावलं. वरचा थर पापुद्र्यासारखा सुटून हातात आला.

फोन लावला, पण घाटात रेंज कुठली? नानांचा पुढचा ब्रेक नावापुरता. त्यात नानांची खोड गावाला ठाऊक: उतार लागला की पेट्रोल वाचवायला इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रल. म्हणजे दोन जिवांचा भार त्या एका लायनरवर.

दारात दुरुस्त होऊन उभी असलेली एक गाडी त्याने घेतली आणि निघाला. चौथ्या वळणावर नानीचा हिरवा पदर दिसला. इंजिनचा आवाज नव्हता, नुसती हवा कापत गाडी पळत होती. त्याने बरोबरीला गाडी आणली.

"नाना, इंजिन चालू करा! गेअर टाका!"

"काय रं, शर्यत लावतो व्हय?" नाना हसले.

"लायनर खोटं हाय! ब्रेक जाईल!"

"आत्ता तर तूच बसवला की!" म्हणत नानांनी पाय दाबला. पेडल थेट तळाला गेलं. हसू जागीच विझलं.

"अवो, थांबवा की!" नानी ओरडल्या.

पुढे दरीकडचं वळण. समोरून एस.टी. वर चढत होती.

"चावी फिरवा! क्लच दाबून तिसरा टाका! आता सोडा क्लच!"

गाडीने हिसका दिला, इंजिन गुरगुरलं, वेग तुटला. नानांनी हँडल डोंगराच्या बाजूला वळवलं आणि गाडी गटाराच्या मुरमात रुतून आडवी झाली. एस.टी. हॉर्न देत निघून गेली.

नानीचं कोपर सोललं होतं. त्या उठल्या, पदर झटकला. "राजा, तू देवासारखा आलास रं."

गप्प राहिला असता तर खपून गेलं असतं. पण राजरत्नला ते जमेना. "नानी, चूक माजीच. न बघता बसवलं मी."

नानांनी आपली चावी त्याच्या हातात कोंबली आणि त्याने आणलेल्या गाडीवर जाऊन बसले. नानी मागे.

"तुजा ब्रेक हाय नव्हं? मग तूच खाली न्यायची," नाना म्हणाले. "आमी म्होरं जातो."

आणि नानांनी इंजिन सुरू ठेवून, गेअरमध्ये गाडी उतरवायला घेतली.

राजरत्नने मुरमातून गाडी ओढून काढली, किक मारली, पहिला गेअर टाकला. उरलेला घाट तो माणसाच्या चालीने उतरला, इंजिन बोंबलत, दोन्ही पाय रस्त्याला घासत. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न मारून त्याला शिव्या घालत होत्या. घाट संपला तेव्हा त्याच्या चपलांचे तळ फाटले होते.