बोरधऱ्याची पाटी

बसवाल्यानं भीमाबाईला गावाच्या दोन किलोमीटर पुढं उतरवलं. "बोरधऱ्याची पाटीच दिसली नाही, मावशी," म्हणाला अन् निघून गेला. नागपूरच्या हुडकेश्वरहून माहेरी निघालेली अडुसष्ट वर्षांची बाई भर उन्हात नव्याकोऱ्या डांबरावरून परत मागं चालत आली.

फाट्यावर बघते तर पाटी खरंच गायब. नागपुरातून सुटून दोन जिल्हे ओलांडत वैनगंगेपर्यंत जाणारा हा राज्य मार्ग आता रुंद झाला होता. मागच्यापुढच्या गावांची नावं हिरव्या पाट्यांवर झळकत होती, बोरधरा तेवढं नव्हतं.

रस्त्याच्या कामावरचा इंजिनिअर उन्मेष तिथंच नकाशा उघडून उभा होता. तिनं त्यालाच गाठलं.

"गाव अर्धा किलोमीटर आत आहे, आजी. यादीत नाही," तो म्हणाला.

"मंग रस्ता इथं वाकला काहून, ते हाये का तुह्या यादीत?"

उन्मेषनं नकाशा पाहिला. वळण होतं, कारण नव्हतं.

"आयक गा. पन्नास वर्सं झाली. रोजगार हमीवर आमी बाया खडी फोडून राहिलो होतो. आखणी सरळ होती, आमच्या मोहल्ल्याच्या विहिरीवरून. दुसऱ्या विहिरीवर आमाले कोनी पानी भरू देत नव्हतं. आमी बारा जनींनी घमेले पालथे घातले अन् त्यावरच बसलो. चार दिवस! मुकादम बोंबलला, साहेब जीपमधून आला. शेवटी रस्त्यालेच वाकाव लागलं."

उन्मेषनं नकाशाची घडी घातली. "तुम्ही अर्ज द्या. मी पुढं पाठवतो."

"तवा अर्ज नाही देल्ला, आता काहून देऊ?"

तिचा भाचा रोशन नागपुरातच सक्करदऱ्यात गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायचा. पुढच्या रविवारी त्यानं पत्र्यावर मोठ्या अक्षरांत 'बोरधरा' लिहून आणलं, दोघांनी ते फाट्यावर रोवलं. तीन दिवसांत कुणीतरी उपटून नेलं. दुसरी पाटीही गेली.

तिसऱ्या खेपेला भीमाबाई एकटी नव्हती. त्या बारा जणींपैकी उरलेली अंजनाबाई काठी टेकत आली, मागून गावच्या पंधरा-वीस बाया. त्यांनी हातभर खड्डा खणला, सिमेंट ओतलं आणि ते घट्ट होईस्तोवर पाटीभोवती बसून राहिल्या.

उन्मेषची गाडी थांबली. त्यानं पाटीकडं पाहिलं, बायांकडं पाहिलं.

"कुणी लावली ते मला वर कळवावं लागेल, आजी."

"कळव ना! लिव, भीमाबाई धोंडबा मेश्राम. अन् हिचंबी लिव."

त्यानं वहीत लिहिलं, वाचून दाखवलं. अंजनाबाईनं आपलं चुकलेलं आडनाव त्याच्याकडून दुरुस्त करून घेतलं.

महिन्यानं पाटी काढण्याची नोटीस आली. भीमाबाईनं ती नातीकडून वाचून घेतली, उत्तर काही दिलं नाही. पाटी काढायला मात्र कुणी आलं नाही. आता नागपूरची बस बोरधरा फाट्यावर थांबते.