भुवई उंचावलेला हत्ती

मित्रांनो, मी एक जुना हत्ती आहे. खरं सांगायचं तर हत्तीच्या आकाराचं भोक आहे. भोवतीचा तुतीच्या सालीचा कागद मला सांभाळतो, म्हणून लोक मला साचा म्हणतात.

मेकाँग नदीकाठच्या लुआंग प्रबांग शहरातल्या एका देवळात कारागीर फेंगसींनी मला कोरलं. लाल भिंतीवर मला धरायचं, वरून सोनेरी रंग थोपटायचा, की मागे हत्ती उमटे. असा मी भिंतभर चाललो. माझ्या प्रत्येक हत्तीची एक भुवई वर आहे. वाटाडे पाहुण्यांना सांगतात, "हे वैराग्याचं लक्षण." पाहुणे मान डोलावतात. मी कशाला बोलू?

भिंत संपली आणि मी कपाटात गेलो. तिथे माझी कदर फक्त कसरीने केली. तिने माझी एक कड खाल्ली.

मग फेंगसींची लेक, वानडीबाई, मला घेऊन मुलांना शिकवू लागली. तिचा नियम कडक होता. भिक्खूंचा पावसाळी वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला नदीत दिव्यांची नाव सोडतात. त्या नावेवरचा आपला कंदील आपणच कोरलेल्या साच्याने रंगवायचा. नाहीतर कंदील घरी.

वर्गातल्या दाला नावाच्या मुलीने मला नव्या कागदावर गिरवलं आणि आपला हत्ती झोकात कापला. पण डोळ्याचा कागदी ठिपका कडेच्या कागदाला धरून ठेवणारी पट्टी ठेवायची ती विसरली. डोळा टपकन पडला.

"दालाचा हत्ती आंधळा!" शेजारी बसलेला सोमलिथ ओरडला.

"तुझा तर बोकड दिसतोय!"

"बोकडाला डोळे आहेत म्हटलं!"

दालाने सुरी खाली ठेवली. डोळे भरून आले. "बाई, माझा कंदील राहू दे."

"डोळा कुठाय?"

"पडला."

"ते कळलं गं. पडून गेला कुठे?" बाईंनी मला उजेडात धरलं. "हे बघ. माझ्या बाबांचाही असाच पडला होता. त्यांनी डब्यातल्या चिकट भाताने कागदाची पट्टी लावून तो परत बसवला. पट्टी जरा वाकडी बसली."

"म्हणजे ती भुवई..."

"भाताची आहे."

"आणि वैराग्य?"

"ते मागाहून आलं."

दाला खुदकन हसली आणि जमिनीवर रांगू लागली. डोळा सोमलिथच्या टाचेला चिकटला होता. "चोरा, पाय वर कर!" मग तिने आपल्या जेवणाच्या टोपलीतला चिमूटभर भात घेतला.

पौर्णिमेला नाव मेकाँगमध्ये लोटली. दालाचा हत्ती पुढच्याच कंदिलावर होता, भुवई वर करून, मोठ्या ऐटीत. काठावर एक वाटाड्या पाहुण्यांना काहीतरी समजावत होता.

मित्रांनो, रंगवून झालं की साचा दोन्ही बाजूंनी पुसा, सपाट ठेवा. आणि डोळा पडला म्हणून हत्ती टाकून देऊ नका. आधी शेजाऱ्याची टाच बघा. भात तर घरात असतोच.